इथलिनच्या बापाचं ताट

लेस्तेर गावात कुणाकडे मोठं जेवण निघालं की पहिला निरोप पाद्र्याला जात नाही, इथलिन क्वाशीला जातो. पाद्री काय, उशिरा आला तरी चालतं. पण कुकू ढवळायला इथलिन वेळेवर नसली तर दोनशे माणसं उपाशी बसतात, आणि आमच्या कारियाकू बेटावरचा माणूस उपाशी बसला की त्याला देव आठवत नाही, यजमानाच्या सात पिढ्यांची उणीदुणी आठवतात.

कुकू म्हणजे तसं काय, मक्याचं पीठ, पाणी आणि चार भेंड्या. घरच्यापुरता कोणीही करील. पण तीन दगडांवर दोन माणसांनी उचलायचा हंडा ठेवायचा, उकळत्या पाण्यात पीठ सोडायचं आणि हातभर लांब दांड्यानं तळापासून ढवळत राहायचं, गुठळी होऊ द्यायची नाही, खाली लागू द्यायचं नाही, वर धुरानं डोळे जळत असताना येणाऱ्याजाणाऱ्याची चेष्टाही करायची, हे एका इथलिनलाच जमायचं. तिचे दंड बघून किनाऱ्यावर गलबतं बांधणारे सुतार म्हणायचे, "टँटी, अगं मावशे, आमच्याकडे कामाला ये की." ती म्हणायची, "नको रे बाबांनो. तुमची गलबतं बुडतात. माझा कुकू अजून कुठं बुडाला नाही."

अशी बाई. एकसष्ट वर्षांची, डोक्याला फडकं, त्यावर नवऱ्याची जुनी फेल्ट हॅट. नवरा जाऊन दहा वर्षं झाली होती. दोन मुलगे इंग्लंडात होते, नाताळाला पिंप भरून सामान पाठवायचे आणि पत्रात थंडीबद्दल तक्रार करायचे. घर दोन खोल्यांचं, पावसाच्या पाण्याची टाकी भरलेली, परड्यात तूर आणि मका, सहा शेळ्या. तिला विचारलंत की टँटी कसं काय, तर ती म्हणायची, "देवानं मला विसरायचं ठरवलंय, आणि मी त्याला आठवण करून देत नाही." खोटं नव्हतं ते. सुखी होती बाई. एक गोष्ट सोडली तर.

ती एक गोष्ट म्हणजे ढोल.

आमच्या बेटावर प्रत्येकाला आपलं कूळ ठाऊक असतं. क्रोमांटी, इबो, मांडिंग, चांबा, मोको, कोंगो. दोनशे वर्षांपूर्वी आमच्या खापरपणज्यांना जहाजाच्या पोटात कोंबून इथं आणलं, तेव्हा त्यांच्या अंगावर चिंधी ठेवली नव्हती. नावंसुद्धा मालकानं आपल्या सोयीनं बदलली. आपण कोण, एवढंच काय ते त्यांच्यापाशी उरलं. ते बापानं लेकराला सांगायचं, लेकरानं आपल्या लेकराला. आईचं कूळ लागत नाही, बापाचं लागतं. प्रत्येक कुळाचा ताल वेगळा. रमच्या पिंपांना बकऱ्याचं कातडं ताणून केलेले तीन ढोल असतात. ते आपल्या कुळाचा ताल धरतात तेव्हा आपण रिंगणात उतरायचं. मग मागून पाहुणे आले तरी चालतं, पण रिंगण उघडायचं ते कुळाच्याच माणसानं.

इथलिनला कूळ नव्हतं. तिची आई सेलिमा तरुणपणी त्रिनिदादला एका घरी स्वयंपाकाला होती, आणि दोन वर्षांनी गलबतातून उतरली ती कडेवर पोर घेऊन. पोरीचा बाप कोण, तर म्हणे खलाशी होता, बुडून मेला. नाव? विसरले. गावातल्या प्रत्येक शेळीचं नाव पाठ असलेली सेलिमा हे एक नाव विसरली होती. गावानं चार वर्षं खोदून विचारलं, मग सोडून दिलं.

म्हणून ढोल सुरू झाला की इथलिन हंड्यापाशी. पाहुणी म्हणून नाच की, कोण अडवतंय, असं सगळे म्हणायचे. ती म्हणायची, "उसन्या तालावर पाय मुरगळतो माझा." पोरं मुद्दाम विचारायची, "टँटी, तुझं कूळ कुठलं गं?" तर म्हणायची, "हंडा-कूळ. आमचा ताल पळीनं वाजवतात." पोरं हसायची, तीही हसायची. पण तिचा धाकटा सात वर्षांचा असताना एकदा म्हणाला होता, "आई, बाबा मांडिंग, मी मांडिंग, दादा मांडिंग. मग तू कोण?" त्याच्या हातावर खोबऱ्याचा तुकडा ठेवून तिनं त्याला खेळायला पिटाळलं, आणि सरळ आईकडे गेली. सेलिमा तुरीच्या शेंगा सोलत बसली होती.

"आई, आज सांग. कोण होता तो?"

"मेला तो."

"मेला तर मेला. कूळ काय होतं त्याचं?"

"मेलेल्याचं कूळ विचारून काय करणार? त्याचं लग्न जमवायचंय?" सेलिमा शेंगा सोलत राहिली. इथलिननं पुन्हा कधी विचारलं नाही. पण सांगायला हरकत नाही, ती त्या दिवशी घरी येऊन रडली होती. रिंगणात सगळं गाव आपापल्या बापाच्या पावलावर पाऊल टाकून नाचतं आणि आपण मात्र कुठून तरी वाहून आलेलं लाकूड, असं तिला वाटायचं.

सेलिमा त्र्याऐंशी वर्षांची होऊन गेली. आता आमच्याकडे माणूस मेलं की पुरतात लगेच, पण मरण पुरं होतं ते थडग्यावर दगड बसवल्यावर. त्याला तीन वर्षं लागोत, दहा लागोत. सत्त्याहत्तर साली, चार वर्षांनी, सेलिमाचा दगड ग्रेनाडाहून गोणपाटात गुंडाळून गलबतानं आला. रीतीप्रमाणे इथलिननं तो सेलिमाच्या पलंगावर ठेवला, अंगावर चादर घातली आणि शनिवारचं जेवण जाहीर केलं.

बुधवारी पहाटे सेलिमा स्वप्नात आली. पांढरा फ्रॉक, कपाळावर नेहमीची आठी. म्हणाली, "बकरं नीट शिजव, मागल्या वेळी चामट लागलं होतं. आणि मला एकटीला वाढू नकोस. तुझ्या बापालाही वाढ. दारात उभी राहून मोठ्यानं बोलाव त्याला, चार माणसांना ऐकू जाईल असं." एवढं बोलून गेली. नाव सांगितलं नाहीच.

इथलिन तोंडसुद्धा न धुता ओडीलकडे गेली. ओडील म्हणजे ढोलावर गाणारी आमची मुख्य बाई. अंगानं काडी, आवाजानं गलबताचा भोंगा, आणि जिभेला हाड नाही. चाळीस वर्षांची दोघींची मैत्री, त्यातली तीस भांडणात गेलेली.

"नाव?" ओडीलनं विचारलं.

"तेवढं नाही सांगितलं."

"सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात ते उगीच नाही." ओडीलनं कपाळाला हात लावला. "बिननावाच्या माणसाला कसं बोलावणार गं? उद्या भलताच कुणीतरी येऊन जेवून जायचा."

"इथलिनचा बाप म्हणून बोलावीन. तेवढा एकच आहे ना?"

"तीनदा बोलवावं लागतं, ठाऊक आहे ना? तिसऱ्या हाकेला येतोच तो."

"यावाच म्हणून तर बोलावतेय."

स्वप्नात मेलेल्यानं मागितलं आणि दिलं नाही तर काय होतं हे आमच्याकडे कुणाला सांगावं लागत नाही. गलबत फुटतं, मका वाळतो, चांगली शेळी उभ्या उभ्या मरते.

आता ताटाचं थोडं सांगायला हवं. मोठ्या जेवणात पहिलं ताट मेलेल्यांचं. घरात पांढऱ्या कापडावर मांडायचं, बाजूला रमचा पेला आणि तंबाखू. त्यात मीठ घालायचं नाही. मीठ खाल्लं की अंग जड होतं, मग समुद्र ओलांडून जुन्या देशी उडत जाता येत नाही, असं म्हातारे सांगायचे. मग घरच्यानं दारात उभं राहून रम आणि पाणी शिंपडत मेलेल्याला तीनदा हाक मारायची. म्हणूनच त्या दिवशी त्या दारात कुणी कुणा जिवंत माणसाला चुकूनही हाक मारत नाही. मारलीच तिसरी हाक, तर त्या माणसानं पुढची अमावास्या बघितलेली नाही, असं म्हणतात. खरं की खोटं कोण जाणे. बघायला कुणी तयार होत नाही.

शनिवारी सकाळी शंख फुंकला, दगड वाजतगाजत किनाऱ्यावरच्या स्मशानात गेला, चुन्यात बसला, त्यावर रम ओतली. दुपारपर्यंत परडं माणसांनी भरलं. बकरी शिजली, कोंबड्या शिजल्या, रताळी, कंद, तुरीचे दाणे आणि इथलिनच्या हातचा कुकू. ती स्वतःच्या आईच्या जेवणातही हंड्यापाशीच होती. तिच्या जागी दुसरं कुणी ढवळायला बसलं असतं तर सेलिमा दगड बाजूला सारून उठली असती.

येणाऱ्यांत पापा बोनिफासही होते. आमच्याकडे गावच्या सगळ्याच म्हाताऱ्यांना पापा म्हणतात. चौऱ्याऐंशी वर्षांचे, एकेकाळचे गलबताचे कप्तान. चाळिशीत त्यांचा एक दोस्त बुडाला, त्या दिवशी त्यांनी जी समुद्राकडे पाठ केली ती आजतागायत. मरणाला इतका भिणारा माणूस बेटावर दुसरा नाही. उन्हातही गळ्याला फ्लॅनेल. शिंतोडे आले की घरात. सकाळी एका पाल्याचा काढा, संध्याकाळी दुसऱ्याचा. कुणाच्या पुरण्याला गेले तर स्मशानाच्या फाटकाबाहेर थांबायचे. सेलिमाच्या वेळीही टोपी हातात धरून रस्त्यावरच उभे होते. लोक म्हणायचे, मरणच याच्याकडे यायला घाबरतं, याची कटकट नको म्हणून.

त्यांच्याबरोबर त्यांची मुलगी एल्फ्रिडा, हातात उशी आणि छत्री घेऊन. सत्तावन्न वर्षांची, लग्न केलं नाही, पस्तीस वर्षं शाळेत शिकवलं आणि अजून सगळ्या गावाला तिसरीतली पोरंच समजते. म्हातारा सोडला तर चांबा कुळाची गावात ती शेवटची. भाऊ अरूबाला गेले, तिथलेच झाले. चांबाचा ताल सुरू झाला की गेली वीस वर्षं एकटी एल्फ्रिडा रिंगणात उतरते, ताठ मानेनं, कुणाकडे न बघता.

तिनं म्हाताऱ्याला चिंचेखाली उशीवर बसवलं, घराकडे पाठ करून, वारा लागू नये म्हणून. हातात कुकूची वाटी दिली.

उन्हं कलली. इथलिननं हात धुतले, धुतलेला पांढरा फ्रॉक घातला आणि भोपळ्याच्या वाटीत रम नि पाणी घेऊन दारात उभी राहिली. आत पांढऱ्या कापडावर दोन ताटं होती. माना वळल्या. दुसरं ताट कुणाचं, अशी कुजबुज झाली. ओडीलनं सगळ्यांना गप्प केलं.

"सेलिमा, ये. जेव." एकदा, दोनदा, तीनदा. पाणी शिंपडलं. बायकांनी मान खाली घातली. इथलिनचा आवाज तिसऱ्या हाकेला जरा ओला झाला, पण फार नाही.

मग तिनं श्वास घेतला आणि परड्याच्या पार टोकापर्यंत जाईल असा आवाज काढला.

"इथलिनचा बाप, ये. जेव."

चिंचेखाली पापा बोनिफासांचा चमचा तोंडाशी थांबला. कुणाचं लक्ष नव्हतं.

"इथलिनचा बाप, ये. जेव."

वाटी खाली पडली. आता एल्फ्रिडानं बघितलं. म्हातारा उशीवरून उठला होता, एरवी दोघांनी धरून उठवावं लागणारा माणूस, आणि माणसांच्या खांद्यांना धरत, पाय तुडवत दाराकडे निघाला होता. इथलिननं तिसऱ्यांदा तोंड उघडलं.

"थांब गं," म्हातारा म्हणाला. "थांब. मी मेलेलो नाही."

"ते दिसतंय आम्हाला, पापा," मागून कुणीतरी म्हणालं. "बसा खाली." चारदोन माणसं हसली.

"ते ताट उचल," म्हातारा इथलिनला म्हणाला. "दुसरं. ते माझं आहे. आणि मी जिवंत आहे. उचल ते आधी."

हसणं थांबलं. ओडीलला सगळ्यांच्या आधी समजलं, ती मटकन ढोलावरच बसली. "अगं बाई," ती हळूच म्हणाली. "काखेत कळसा आणि गावाला वळसा."

इथलिन हातात वाटी घेऊन तशीच उभी होती. "म्हणजे?" तिनं विचारलं. समजलं होतं, तरी विचारलं.

"म्हणजे सेलिमा ज्या घरी होती, त्या घराच्या मागच्या दाराशी मी यायचो. आमचं गलबत महिन्यातून एकदा तिथं लागायचं. मग माझ्या आईनं माझं लग्न ठरवलं आणि मी गप्प बसलो. बाकीचं समजायला तू मोठी आहेस."

"चाळीस वर्षं तुम्ही माझ्या हातचं खाताय, पापा."

"हो."

"मागून दुसऱ्यांदा वाढून घेता."

"हो."

"आणि आज ताट बघून तोंड उघडलं?"

इथलिन रागावलेली आम्ही कुणी कधी पाहिली नव्हती. त्या दिवशी पाहिली. आवाज चढला नाही, पण वाटीतलं पाणी हिंदकळून तिच्या फ्रॉकवर सांडत होतं. म्हाताऱ्यानं खोटं काही सांगितलं नाही, एवढं त्याच्या बाजूनं म्हणायला हवं.

"भीती वाटली म्हणून उघडलं," तो म्हणाला. "तिसरी हाक मारली असतीस तर मी गेलो असतो. भीतीच वाटत आलीय मला. आधी आईची, मग बायकोची, मग लोकांची. पुढं इतकी वर्षं झाली की त्या वर्षांचीच वाटायला लागली. तू दोन वर्षांची होतीस तेव्हा एकदा आलो होतो, मागच्या दारानं, तुला फ्रॉकचं कापड घेऊन. सेलिमा म्हणाली, पुढच्या दारानं ये आणि चार माणसांसमोर बोल, नाहीतर आमच्या लेखी तू मेलास. मी कापड घेऊन परत गेलो."

शेळ्यासुद्धा गप्प होत्या म्हणणार होतो, पण शेळ्या ओरडत होत्या, त्यांना काय.

इथलिनला आपल्या आईची आठी आठवली. चार माणसांना ऐकू जाईल असं बोलाव, असं सांगून गेली होती बाई. आयुष्यभर याच्याकडून एक वाक्य वदवून घेता आलं नाही, ते मेल्यावर एका ताटात वदवून घेतलं. राग होता तो होताच, पण तिनं म्हाताऱ्याकडे आता नीट बघितलं. बाप बुडून मेलेला नव्हता. बाप समोर उभा होता, फ्लॅनेल गुंडाळून, घाबरून, आणि त्याचे दंडही, आता वाळले असले तरी, तिच्यासारखेच रुंद हाडाचे होते. इतक्या वर्षांत हे आपल्याला दिसलं कसं नाही याचं तिला नवल वाटलं.

"कूळ कुठलं?" तिनं विचारलं. साऱ्या बेटाला ठाऊक होतं. तरी विचारलं.

"चांबा."

"मागच्यांना ऐकू आलं नाही."

म्हाताऱ्यानं मान वर केली आणि कप्तान असताना वादळात द्यायचा तसा आवाज दिला. "चांबा. ही माझी मुलगी आहे. ही चांबा आहे."

इथलिन आत गेली. दुसरं ताट उचलून बाहेर आणलं. चुलीपाशी गेली, मिठाच्या भांड्यातून चिमूटभर मीठ घेतलं, ताटावर भुरभुरलं आणि ताट म्हाताऱ्याच्या हातात दिलं. "घ्या. आता जिवंत माणसाचं झालं. गार होतंय."

म्हाताऱ्यानं ताटाकडे बघितलं. "थोडं आणखी घाल," तो म्हणाला.

तेव्हा कुठं माणसं मोकळी झाली. कुणी हसलं, कुणी डोळे पुसले, ओडीलनं दोन्ही केलं आणि वर सगळ्यांना सांगत सुटली की आपल्याला पहिल्यापासून संशय होता. नव्हता.

एक माणूस फक्त हसलं नाही. एल्फ्रिडानं खाली पडलेली वाटी उचलली, छत्री मिटली, उशी झटकली आणि परड्याच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसली, एकटी. तिच्याकडे जायची कुणाची छाती झाली नाही. इथलिननंही लांबूनच बघितलं. तिला एल्फ्रिडाचा राग आला नाही. बाप वाटून घ्यायची पाळी या वयात आली तर कुणाला आवडेल?

पण इथलिनच्या जिवाला घोर लागला तो वेगळाच. बाप बोलला ते ठीक झालं. पण रिंगणाची रीत बापाच्या बोलण्यावर चालत नाही. कुळात नवं माणूस यायचं तर रिंगण उघडणाऱ्यानं स्वतः बाहेर येऊन त्याला आत घ्यावं लागतं. चांबाचं रिंगण एल्फ्रिडाचं होतं. तिनं पाठ फिरवली तर इथलिन पुन्हा हंडा-कुळात, फरक एवढाच की आता आपल्याला काय मिळालं नाही हे तिला नेमकं ठाऊक असणार होतं.

बातमी डोंगरापलीकडे पोचायला अर्धा तास पुरला. ग्रँड बेहून माणसं आली, हार्वे व्हेलहून आली, जेवणाचं निमित्त करून म्हाताऱ्याला बघायला. दुसरा हंडा चढवावा लागला. इथलिन पांढऱ्या फ्रॉकवरच दांडा घेऊन उभी राहिली. लोकांच्या प्रश्नांना कंटाळून पापा बोनिफासही स्टूल घेऊन तिच्या चुलीपाशी येऊन बसले. मध्येच त्यानं एक लाकूड आत सरकवलं. तिनं ते पुन्हा बाहेर ओढलं. जाळ जास्त होत होता.

दिवस मावळायला ढोल सुरू झाला. पहिलं रिंगण रिकामं, मेलेल्यांसाठी. मग गुडघे टेकून त्यांची माफी मागायची, ती मागून झाली. क्रोमांटी नाचले. सेलिमाचे इबो नाचले, तिच्या भावांची पोरं-नातवंडं, धूळ उडवत. मांडिंग नाचले. मग ओडीलनं, बघा, एक क्षण मुद्दाम थांबून, चांबाचं गाणं उचललं आणि ढोलांनी तो ताल धरला.

एल्फ्रिडा उठली. रिंगणाच्या कडेला बूट काढून ठेवले आणि मधोमध जाऊन उभी राहिली. नाचेना. ताल एक फेर फिरला, दुसरा फिरला. ढोलवाल्यांनी एकमेकांकडे बघितलं. ओडीलनं पहिलीच ओळ पुन्हा घेतली, आवाज जरा चढवून.

इथलिन हंड्यात बघत ढवळत राहिली. वर बघायचं तिला धाडस होत नव्हतं. तिला एकदम खूप भीती वाटली, आणि ही बापाकडून आलेली दिसतेय असंही तिच्या मनात आलं. माणसं बाजूला सरकल्याचा आवाज झाला. धुरापलीकडे एल्फ्रिडा येऊन उभी होती.

ती आधी म्हाताऱ्याकडे वळली. "तुमच्याशी मी घरी गेल्यावर बोलणार आहे. पुष्कळ बोलणार आहे." म्हातारा स्टुलावर आणखी लहान झाला.

मग तिनं इथलिनला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं, शाळेत उशिरा आलेल्या पोरीकडे बघावं तसं. पण तिची हनुवटी हलत होती. तिनं हात पुढं केला.

"किती वेळ वाजवायचा त्यांनी?" ती म्हणाली. "चपला काढ. आपल्यात अनवाणी नाचतात."

इथलिननं हातातला दांडा बापाच्या हाती दिला. "खाली लागू देऊ नका," म्हणाली, आणि चपला चुलीपाशीच सोडून बहिणीचा हात धरून निघाली.